पाचव्या कागदावरचं अक्षर

भिंतीवरचे पाच कागद काढायचे, एवढंच काम होतं. त्यासाठी कंपनीने सुलेखाला आठ दिवसांची मुदत दिली आणि त्या आठ दिवसांत तिने त्याचं महाभारत करून ठेवलं. तिला ओळखणाऱ्या कोणालाच याचं नवल वाटलं नाही. नाकावर राग घेऊनच ही बाई अमेरिकेत उतरली होती, आणि अठ्ठावीस वर्षांच्या मिशिगनच्या बर्फातही तो काही थंड झाला नव्हता.

नोव्हायमधला तो कारखाना काही फार मोठा नव्हे. गाडीच्या सीटखाली जो लोखंडी सांगाडा असतो, त्याचे भाग तिथे प्रेसवर दाबून काढतात. अकरा प्रेस, दोन पाळ्या, ऐंशी-पंच्याऐंशी माणसं. प्रेस म्हणजे काय, हे ज्यांनी पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी सांगायचं तर खाली साचा, वर साचा, मध्ये पत्रा ठेवायचा आणि बटणं दाबली की वरून शेकडो टनांचा दाब येतो. मध्ये पत्रा आहे की कोणाचा हात, हे त्या यंत्राला कळत नाही. ते बघायची जबाबदारी माणसाची, आणि या कारखान्यात गेली तेवीस वर्षं सुलेखाची. ती सेफ्टीची मुख्य होती.

कारखाना सुरू झाला तेव्हा जपानहून ओकुमुरा-सान नावाचे मॅनेजर आले होते. बुटके, हडकुळे, आवाज एवढा हळू की समोरच्याला वाकून ऐकावं लागे. त्यांनी पहिल्याच आठवड्यात ब्रशने पाच कागद लिहिले आणि फ्रेम करून प्रेसच्या समोरच्या भिंतीवर लावले. नको ते काढून टाका, हवं ते जागच्या जागी ठेवा, झाडून-पुसून घ्या, रोज तसंच राखा, हे पहिले चार. पाचव्यावर एकच अक्षर होतं, गिचमिड रेघांचं: 躾. त्याचा उच्चार शित्सुके. कामगारांना कळावं म्हणून प्रत्येक कागदाखाली इंग्रजी पट्टी लावायचं काम सुलेखाकडे आलं. पाचव्याखाली तिने 'डिसिप्लिन' अशी पट्टी चिकटवली. आपल्याकडच्या कारखान्यांत या पाच गोष्टींचे तक्ते टांगतात, त्यांत पाचवी 'शिस्त'च असते, त्यामुळे तिला कोणाला विचारायची गरज वाटली नव्हती.

ओकुमुरांनी आणखी एक गोष्ट लावून दिली. पत्र्यांची नवी थप्पी घेऊन प्रेस सुरू करायचा, की आधी साच्याकडे बोट दाखवायचं आणि मोठ्याने म्हणायचं, क्लिअर. मग प्रेसच्या मागच्या बाजूला बोट दाखवायचं, तिथे कोणी झाडत-पुसत नाही ना ते बघायचं आणि पुन्हा म्हणायचं, क्लिअर. मगच दोन हात दोन बटणांवर. डोळे बघतात, बोट दाखवतं, तोंड बोलतं आणि कान ऐकतात, म्हणून मन भलतीकडे जायला जागाच उरत नाही. जपानमध्ये रेल्वेची माणसं असंच करतात म्हणे. याला चार सेकंद लागत.

त्या चार सेकंदांवरून घोडं अडलं होतं.

दोन वर्षांपूर्वी ओहायोच्या एका कंपनीने कारखाना विकत घेतला. तिचे सतरा कारखाने. त्या सगळ्यांवर देखरेख ठेवायला जो नवा डायरेक्टर आला तो देवांग. आता हा देवांग कोण, तर जवळच्याच ट्रॉय गावातल्या रेणू आणि कुमारचा मुलगा. सुलेखाच्या बेसमेंटमध्ये रविवारी मराठीचा वर्ग भरायचा, त्यात हा पहिल्या बाकावर बसायचा आणि 'ज्ञ' लिहिता येत नाही म्हणून रडायचा. चौतिशीचा हा माणूस ऑफिसात तिला नावाने हाक मारी आणि फोनवर दोघंच असली की मावशी म्हणे. मुलगा गुणी होता. खोट काढायची म्हटली तर एकच, त्याच्याकडे प्रत्येक गोष्टीची स्लाइड असायची.

फोन करून त्याने सगळं नीट समजावलं. प्रत्येक प्रेसच्या मागे सेन्सर बसवणार, कोणी त्या पट्ट्यात पाऊल टाकलं की प्रेस आपोआप थांबणार. माणूस विसरतो, सेन्सर विसरत नाही. मग ते बोट दाखवणं कशाला? नवीन पोरांना त्याची लाज वाटते, एकाने तर व्हिडिओ काढून इंटरनेटवर टाकला होता आणि लोक हसले होते. सतराही कारखान्यांत आता एकसारखे इंग्रजी बोर्ड लागणार होते, पाचवा शब्द होता 'सस्टेन', म्हणजे टिकवून धरा. ओकुमुरांचे कागद चांगल्या फ्रेममध्ये लॉबीत लावू, पाहुण्यांना दाखवायला. फक्त पद्धत बदलायच्या फॉर्मवर सेफ्टीच्या मुख्याची सही लागते. पुढच्या गुरुवारी तो येईल तेव्हा घेईल.

सही नाही केली तर काय, असं तिने सरळ विचारलं. तो म्हणाला की वर्षअखेरीस सगळ्या कारखान्यांची सेफ्टी ओहायोतून बघायचा विचार चाललाय, आणि हे तो तिला आधी सांगतोय ते ती मावशी आहे म्हणून. त्यात धमकी नव्हती, काळजीच होती. पण काळजीने सांगितली म्हणून नोकरी जायची थोडीच राहते.

शेवटी त्याने विचारलं, "मावशी, बाय द वे, त्या अक्षराचा exact अर्थ तरी काय? डिसिप्लिनच ना? मग सस्टेनमध्ये काय प्रॉब्लेम आहे?"

बघून सांगते म्हणून सुलेखाने फोन ठेवला. तेवीस वर्षं जे अक्षर डोक्यावर घेऊन ती भांडत आली होती, त्याचा अर्थ तिला एका पट्टीपलीकडे ठाऊक नव्हता. हे तिला देवांगच्या सेन्सरपेक्षा जास्त झोंबलं.

नवऱ्याने, संजयने, जेवताना शहाणपणाचा सल्ला दिला. दोन वर्षांनी रिटायर व्हायचंच आहे, सही करून मोकळी हो, हात दाखवून अवलक्षण कशाला? सुलेखाने त्याच्या पानात आणखी एक भाकरी वाढली. तेवढंच उत्तर. संजयही बत्तीस वर्षांचा मुरलेला नवरा, त्याने ती भाकरी खायला घेतली.

दुसऱ्या दिवशी तिने वेईला गाठलं. वेई साच्यांची डिझाइन करणारा इंजिनियर, वूहानचा. ही अक्षरं मुळात चीनमधून जपानला गेली एवढं तिला माहीत होतं, तेव्हा मुळाशीच जाऊ म्हटलं. वेई कागदासमोर बराच वेळ मान वाकडी करून उभा राहिला आणि म्हणाला की हे आमचं नाही. शाळेत कधी शिकवलेलं नाही, कुठे वाचल्याचं आठवत नाही. सुलेखाला तो थट्टा करतोय असं वाटलं. पण तो अक्षराचे तुकडे पाडून दाखवायला लागला. डावीकडचा भाग म्हणजे शरीर. फार जुन्या काळी ते पोट पुढे आलेल्या माणसाचं चित्र होतं. उजवीकडचा भाग म्हणजे सुंदर. त्यात वर मेंढी आहे आणि खाली 'मोठं'. ज्यांनी ही लिपी घडवली त्यांना गलेलठ्ठ मेंढीहून सुंदर काही सुचलं नसावं. तर एक पोटवाला माणूस आणि एक लठ्ठ मेंढी, दोघं मिळून सोळा रेघा. वेई म्हणाला, हे जिमचं नाव असेल.

सुलेखा हसली नाही. तिने त्याला फोनवर कोश उघडायला लावला. तिथे लिहिलेलं होतं की हे अक्षर जपानमध्येच तयार झालेलं आहे. जपान्यांनी चीनकडून हजारो अक्षरं घेतली, पण काही गोष्टींना त्यांना हवं तसं अक्षर मिळेना, तेव्हा त्यांनी घेतलेल्या तुकड्यांतूनच नवी जुळवली. डोंगराचा चढ संपून उतार लागतो त्या जागेसाठी एक, वारा पडून समुद्र शांत होतो त्याच्यासाठी एक. आणि हे एक. वेईला आता स्वतःलाच रस वाटायला लागला होता. उसन्या वस्तूंतून स्वतःचं घर मांडणं त्या दोघांनाही काही नवीन नव्हतं.

पण मग प्रश्न उरलाच. शिस्तीसाठी चीनमध्ये अक्षर नव्हतं? अडीच-तीन हजार वर्षं राज्य चालवलेल्या लोकांकडे शिस्तीला शब्द नसेल, हे सुलेखाच्या पचनी पडेना. वेई म्हणाला, ढीगभर आहेत, हवी तितकी देतो. मग जपान्यांना नवं का लागलं? ते त्यालाही सांगता येईना.

त्याच संध्याकाळी सात वाजता, म्हणजे तिकडे सकाळ झालेली असताना, तिने ओकुमुरांना फोन लावला. ते निवृत्त होऊन जपानला परतल्याला पंधरा वर्षं झाली होती. आता एकोणऐंशी वर्षांचे होते. नव्या वर्षाचं कार्ड दोघं एकमेकांना न चुकता पाठवत, पण फोन असा हा पहिलाच. त्यांचा आवाज होता त्याहून हळू झाला होता, इंग्रजी पुष्कळसं गळून पडलं होतं. तिने प्रश्न विचारला.

मग ते सावकाश सांगायला लागले. जुन्या काळी लढवय्यांच्या घरात मुलांना काही गोष्टी शिकवत. बसायचं कसं, सरकतं दार उघडायचं कसं, दुसऱ्याच्या हातात सुरी देताना पातं आपल्याकडे ठेवायचं कसं. हे त्यांना लिहून ठेवायचं होतं. चीनच्या अक्षरांत कायद्याला अक्षर होतं, शिक्षेला होतं, शिकवण्यालाही होतं. पण शिकवणं या अक्षराच्या उजव्या अंगाला एक हात आहे, आणि त्या हातात काठी आहे. काठी उगारलेली आहे तोवर माणूस नीट वागतो. ती खाली गेली की? पातं आपल्याकडे ठेवायचं ते मारणारा खोलीत आहे म्हणून नव्हे. तो हात दुसरं काही करूच शकत नाही, इतकं ते त्या हाताचं झालेलं आहे, म्हणून. तेव्हा त्यांनी काठी काढून टाकली, एक शरीर घेतलं आणि त्याच्या शेजारी सुंदर ठेवलं. ओकुमुरा म्हणाले, असं माझे आजोबा सांगत. पंडित काय सांगतात मला माहीत नाही.

सुलेखाने विचारलं, "मग मी त्याखाली डिसिप्लिन चिकटवलं, ते तुम्ही आठ वर्षं रोज बघितलंत. काढायला का नाही सांगितलंत?"

"मी सांगितलं असतं तर तुम्ही काढलं असतं," ते म्हणाले. "मग ती माझी काठी झाली असती."

फोन ठेवल्यावर ती स्वयंपाकघरात नुसती उभी राहिली. तिला रडू आलं, आणि रडू आलं म्हणून राग आला. कारण या सगळ्यात एक माणूस होता, ज्याच्याबद्दल तिने कोणाला कधी सांगितलं नव्हतं. संजयलाही नाही.

१९९१ साली ती भोसरीच्या एका छोट्या वर्कशॉपमध्ये ट्रेनी सुपरवायझर होती. वर्कशॉपमधली एकटी मुलगी. पंचवीस पुरुषांवर वचक बसवायचा तर गोड बोलून भागणार नाही, हे तिने पहिल्याच दिवशी ठरवलं. भिंतीवर लाल अक्षरांत 'शिस्त पाळा' होतं, आणि खाली उशिरा येणाऱ्यांची वही. केदार नावाचा एक प्रेस ऑपरेटर होता, नव्यानेच लग्न झालेला. एका सकाळी तो वीस मिनिटं उशिरा आला. सुलेखाने त्याला सगळ्यांसमोर त्या पाटीखाली उभं करून झापलं आणि वहीत नाव लिहिलं. तो खाली मान घालून हो हो म्हणाला. मग गेलेली वीस मिनिटं भरून काढायला त्याने एका बटणात लाकडाची खुंटी ठोकली, म्हणजे एका हाताने प्रेस चालवता येतो आणि दुसऱ्याने पत्रा सरकवता येतो. साडेअकराला त्याची दोन बोटं गेली.

चौकशीत सुलेखावर ठपका आला नाही. पाटी होती, वही होती, सही होती. सगळी शिस्त जागच्या जागी होती. केदारच्या अंगात तेवढी नव्हती, आणि ती अंगात उतरवायची असते हे तिला कोणी शिकवलं नव्हतं. तेव्हापासून ती आणखी मोठ्याने ओरडायला लागली. नोव्हायलाही तेच केलं. बोट न दाखवणाऱ्यांची नावं तिने लाल फळ्यावर लिहिली, पाळी संपेपर्यंत पुसली नाहीत. म्हणजे तेवीस वर्षं ती त्याच अक्षराखाली काठी घेऊन उभी होती, ज्यातून कोणीतरी मुद्दाम काठी काढून टाकली होती.

दुसऱ्या दिवशी ती कामावर लवकर गेली. शिडी लावली, वर चढली आणि 'डिसिप्लिन'ची पट्टी नखाने खरवडून काढली. तेवीस वर्षांचा गोंद होता, सहजासहजी निघाला नाही. लाल फळाही उतरवला. येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं, बाईंनी हार मानली. सुलेखाने कोणाचा गैरसमज दूर केला नाही. सही करायची नाही हे तिचं पक्कं ठरलं होतं. आधी ठरलं होतं ते हट्टापायी. आता कशापायी, हे तिला नीट मांडायचं होतं.

मांडायला शब्द मात्र मिळेना. गाडी चालवताना, भाजी चिरताना ती इंग्रजीत वाक्यं जुळवत राहिली आणि प्रत्येक वाक्य देवांगच्या स्लाइडसारखं व्हायला लागलं. मराठीत म्हणाल तर शब्द केव्हाचा जिभेवर येऊन बसला होता. वळण. तिची आई शेजारच्या मुलींबद्दल म्हणायची, पोरींना वळण चांगलं आहे हो. त्यात कोणी ओरडलेलं नसतं, मारलेलं नसतं. ते अंगवळणी पडलेलं असतं. इतका घरचा शब्द घरात असताना आपण कारखान्यात शिस्त घेऊन बसलो, याचं तिला हसू आलं. पण प्रेसवरच्या माणसांना वळण सांगून काय उपयोग?

गुरुवारी देवांग बर्फातून गाडी हाकत ओहायोहून आला. दुपारी तीनला एक पाळी सुटते, दुसरी चढते. त्या वेळी दोन्ही पाळ्यांची माणसं भिंतीसमोर जमली. मेंटेनन्सवाले शिडी आणि नवा बोर्ड घेऊन तयार होते. देवांग छान बोलला. सेन्सर कसे काम करतात ते सांगितलं, जुन्या माणसांचे आभार मानले, विनोदही केला. लोकांनी माफक टाळ्या वाजवल्या. मग त्याने सुलेखाकडे बघितलं, तिने आधीच पाच मिनिटं मागून ठेवली होती.

सगळ्यांना वाटलं आता आरडाओरडा होणार. पुढच्या रांगेतल्या दोघा-तिघांनी तर कान पाडले.

सुलेखा म्हणाली की तिला एक चूक कबूल करायची आहे. मग तिने केदारबद्दल सांगितलं. पाटी, वही, वीस मिनिटं, खुंटी, दोन बोटं. तेहेतीस वर्षांत पहिल्यांदा, आणि तेही ऐंशी परक्या माणसांपुढे. त्यानंतर तिने वरच्या कागदाकडे बोट केलं. त्या अक्षराचा अर्थ मी तुम्हाला चुकीचा सांगितला, ती म्हणाली. त्यात हुकूम नाही, धाक नाही. तिथे फक्त एक शरीर आहे, आणि एखादी गोष्ट त्या शरीराची झाली की ती दिसायला सुंदर दिसते. मी तुमची नावं फळ्यावर लिहिली ते चूक होतं. माझ्या भीतीने जर तुम्ही बोट दाखवत असाल तर देवांगचं बरोबर आहे, ते बंदच केलेलं बरं, कारण मी दोन वर्षांनी नसणार. सेन्सर लागू देत, हवेतच ते. पण तुमच्या अंगातलं काढून घ्यायच्या फॉर्मवर मी सही करणार नाही. मला घरी पाठवलं तरी नाही.

देवांगने तोंड उघडलं, तेवढ्यात सहा नंबरच्या प्रेसवरचा डॅरेल पुढे आला. साठीचा माणूस, कारखाना उघडला त्या दिवसापासून तिथे, आणि लाल फळ्यावर एके काळी सगळ्यांत जास्त वेळा त्याचंच नाव असे. सभेत तो कधी बोलल्याचं कोणाला आठवत नव्हतं. तो सुलेखाशी बोलतोय की जमिनीशी, ते नीट कळत नव्हतं.

"मॅडम, तुमच्या भीतीने मी सहा महिने केलं असेल," तो म्हणाला. "नंतर नाही. आता घरी शेगडी बंद केली तरी माझं बोट वर जातं. बायको हसायची. नात चार वर्षांची आहे, ती परवा रस्ता ओलांडायच्या आधी थांबली, इकडे बोट दाखवलं, तिकडे दाखवलं, क्लिअर म्हणाली आणि मगच माझा हात धरून चालायला लागली. तिला मी शिकवलेलं नाही. तुम्हीही तिच्यावर कधी ओरडलेल्या नाहीत."

एवढं बोलून तो आपल्या जागी गेला. त्याची पाळी सुटली होती, घरी जायचं सोडून तो तिथेच उभा राहिला. दुसऱ्या पाळीची माणसं आपापल्या प्रेसकडे वळली, आणि एकामागून एक आवाज यायला लागले, क्लिअर, क्लिअर. कोणी मुद्दाम जोराने म्हणत नव्हतं. रोजच्यासारखंच म्हणत होते.

देवांग फॉर्मची फाइल छातीशी धरून ऐकत राहिला. मेंटेनन्सवाल्याने शिडीकडे बोट दाखवून त्याला विचारलं, चढू का? त्याने मानेनेच नको म्हटलं. मग सुलेखाजवळ येऊन, ऑफिसात पहिल्यांदाच, तो म्हणाला, "मावशी, हे मला करून बघायचंय. I mean, मी कधी केलंच नाहीये."

"जॅकेट काढ," सुलेखा म्हणाली. "अंगठी पण."

नवीन माणसांना शिकवायला कोपऱ्यात एक बंद पडलेला प्रेस ठेवला होता, त्याला वीज जोडलेली नव्हती. तिथे तिने त्याला उभं केलं. पहिल्यांदा त्याने बोट दाखवलं ते हॉटेलात वेटरला बोलावतात तसं, आणि क्लिअर म्हणताना चोरटं हसला. सुलेखाच्या जिभेच्या टोकावर जे आलं होतं ते तिने गिळलं. तिने त्याचं कोपर धरून सरळ केलं, स्वतः शेजारी उभी राहून एकदा करून दाखवलं आणि पुन्हा कर म्हणाली. तो करत राहिला. दहा झाले, वीस झाले. दर खेपेला ती पत्र्यांची नवी थप्पी ठेवी. बाहेर अंधारून आलं, बर्फ पडतच होता, परतीचा रस्ता चार तासांचा होता. त्याने एकदा घड्याळ बघितलं, पुन्हा नाही.

तिसाच्या पुढे कधीतरी त्याला स्लाइड आठवल्या आणि तो वाद घालायला लागला. तिचं सगळं मान्य, पण वर सांगणार काय? दर थप्पीला चार सेकंद, अकरा प्रेस, वर्षाचे किती तास होतात तिला कल्पना आहे का? बाकी सोळा कारखान्यांनी विचारलं तर? डेटा कुठे आहे? "मावशी, तू फेअरली बघ ना, from their side," असं म्हणत त्याने नव्या थप्पीतला पहिला पत्रा ठेवला, आणि बोलता बोलता त्याचा हात वर गेला. बोट साच्याकडे, क्लिअर. बोट मागे, क्लिअर. मग दोन्ही हात बटणांवर. आणि लगेच तुटलेल्या वाक्याचं टोक पकडून तो पुढे भांडायला लागला. मध्ये काय झालं याचा त्याला पत्ताच नव्हता.

सुलेखाला होता. तिने फक्त त्याच्या कोपराजवळचा आपला हात काढून घेतला.

पुढच्या थप्पीला पुन्हा तसंच झालं. या वेळी मात्र तो अर्ध्या वाक्यावर थांबला, आपल्याच वर गेलेल्या हाताकडे बघत राहिला, आणि त्याचे कान लाल झाले. सुलेखाने मग फाइल उचलून त्याच्यापुढे धरली. सही नाही, माझं पक्कं आहे, आता तुझं काय ते सांग, असं ती म्हणाली.

"ठेव ती तिकडे," देवांग म्हणाला. "वर काय सांगायचं ते मी बघतो. आधी हे मला नीट जमू दे." आणि त्याने पुढची थप्पी स्वतःच उचलली.